कॅरियरच्या पाइपांची तोंडं

जूनचा पहिला रविवार. जीपच्या टपावरच्या कॅरियरला भट्टीत भाजून बसवायचं पावडर कोटिंग करायला अडीच हजार रुपये घेऊन मी लातुरात एका रंगवाल्याकडे गेलो. सोबत बायको होती. पुढच्या आठवड्यात मुलगी लातुरातच क्लासच्या होस्टेलवर राहायला येणार होती. तिच्या आणि दोन मैत्रिणींच्या लोखंडी पेट्या निलंग्याहून त्याच कॅरियरवरून आणायच्या होत्या.

रंगवाला साठीचा, नखांत लाल रंग बसलेला. रंगांचं कार्ड त्याने दाखवलंच नाही. कॅरियर उतरवून तो बोटाने ठोकत, कान देत फिरला. मग एक कोपरा उचलला, तर पाइपातून गंजाचं पाणी गळलं.

"तोंडं उघडी हायत, सर. वरून कोटिंग केलं तर आतलं सडणं दिसणार न्हाई. पेट्या रस्त्यावर पडल्या की मंग कळंल."

"काका, अशानं गिऱ्हाईक जाईल की तुमचं!" बायको हसली.

"जाऊ द्या, ताई. आधी शेजारच्या वेल्डरकडून पाइप बदला, तोंडं बंद करा. मंग गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड अन् वरून ऑइलपेंट लई झाला. टवका उडाला तर सर घरीच ब्रश मारतील."

वेल्डरला सोळाशे दिले. ज्याच्यासाठी अडीच हजार नेले होते, त्याने सातशे घेतले.