हुकाच्या वाकात

संगणकाच्या पडद्यावरचा लोखंडी हूक निळाशार दिसत होता. उंच इमारती रंगवणारी माणसं ज्या झुल्यावर उभी राहतात, तो झुला या हुकाला टांगायचा होता. वस्तूवर कुठे किती ताण येईल हे आधीच दाखवणारं सॉफ्टवेअर मी तेव्हा नुकतंच शिकत होते. निळा म्हणजे ताण कमी, लाल म्हणजे धोका.

"ठीक दिसतंय," मी म्हटलं.

मला शिकवणाऱ्या मेधाताई शेजारीच बसल्या होत्या. "तुकडे फार मोठे पाडलेस. वाकाच्या आतल्या बाजूला बारीक कर आणि पुन्हा चालव."

सॉफ्टवेअर वस्तूचे तुकडे पाडून एकेकाचा हिशेब करतं. मी तुकडे बारीक केले. हिशेब संपला तेव्हा वाकाच्या आत लाल डाग उमटला. हूक तोच होता, वजनही तेच. मी फक्त जवळून पाहिलं होतं. फोनवर "बरं आहे ना?" एवढंच विचारून मी किती माणसांना निळं ठरवून टाकते, असं मनात येऊन गेलं.

वाकाची जाडी वाढवल्यावर लाल गेला.

"आता चालेल ना?"

"आधी एक बनवून घेऊ," ताई म्हणाल्या. "दुप्पट वजन टांगू. माणसं त्यानंतर."

कारखान्यात वाळूची पोती टांगली, तेव्हा हूक जराही वाकला नाही. सगळे चहाला गेले. मी मात्र त्या पोत्यांखालून जायचं टाळून, भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडले.