फोर-व्हील कधी लावलंच नाही

आमच्या घरात नवी वस्तू वापरायची पद्धत नव्हती. वस्तू आणायची, सगळ्यांनी डोळे भरून पाहायची, शेजारणीला दाखवायची आणि ठेवून द्यायची. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक निघालं तोवर टीव्हीच बिघडला होता. मिक्सर खोक्यात आणि माय पाट्यावर, हे मी इतकी वर्षं पाहिलं की खोकं म्हणजेच मिक्सर असं मला वाटायला लागलं होतं. बुलढाण्याला शाळेत नोकरी लागल्यावर मी दोघांसाठी जाड रजया आणल्या. पुढच्या थंडीत घरी गेले, तर दोघं जुन्याच गोधड्यांत गुरफटून बसलेली. विचारलं तर माय म्हणाली, "पाहुणे आले म्हंजे लागतीन ना वं." पाहुणी म्हणजे मीच. त्या रात्री मला नवी रजई मिळाली आणि मी तिच्याखाली चरफडत झोपले.

याला कंजुषी म्हणणं सोपं आहे. पण दारी आलेल्याला दोघांनी कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. लहानपणी त्यांच्या अंगावर आलं ते दुसऱ्यांनी वापरून झालेलं, मग ते कपडे असोत की पुस्तकं. कोरेपणाचं त्यांना भारी अप्रूप होतं. एकदा गेलं की ते परत येत नाही, म्हणून ती दोघं त्याला जिवापाड जपायची.

आमचं घर रोहिणखेडच्या अलीकडे, गावात नाही, शेतात. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पांदण आहे, म्हणजे दोन बांधांमधून जाणारी बैलगाडीची वाट. काळी माती. उन्हाळ्यात गुडघाभर धूळ, आणि पाऊस लागला की तीच माती चाकाला अशी धरते की चाक फिरायचंच विसरतं. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. मग मायच्या किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी घाट चढून बुलढाण्याला डायलिसिसला न्यायचं ठरलं आणि ती पांदण आमची वैरीण झाली.

एक पावसाळा कसाबसा काढला. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर बसून माय डांबरीपर्यंत यायची, तिथून ऑटो. एकदा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात अडकला, तेव्हा बाबांचा खांदा धरून चिखलातून चालली आणि अर्ध्या वाटेत खाली बसली. मला कळलं तेव्हा मी दोघांवर ओरडले आणि तिला माझ्या खोलीवर घेऊन आले. तिथं ती महिनाभर कशीबशी राहिली. "तुह्या घरी रात्रीबी उजेड असते वं, मले झोपच येत नाही," म्हणायची. खरं म्हणजे तिला बाबांचा घोर होता. ते एकटे भाकरी थापत असतील आणि करपवत असतील, हे ती इथं बसून बघत होती. शेवटी ती परत गेली आणि आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं. साधी गाडी त्या चिखलात काही कामाची नव्हती. जुनी का होईना, फोर-व्हील हवी होती, म्हणजे आतला छोटा लिव्हर टाकला की मागच्यासारखी पुढचीही चाकं ओढतात, तशी.

बाबा अशा कामात वाघ. जो भेटेल त्याला विचारत सुटले. मोताळ्याचा एक मिस्त्री सोबत घेतला. शेगावला एक गाडी पाहिली, वरून नवरीसारखी नटलेली. मिस्त्री खाली शिरला आणि लगेच बाहेर आला. चेसिसला ताजा काळा रंग होता. रंग ताजा दिसला की त्याच्याखाली वेल्डिंग निघते, असं म्हणत त्यानं हात झटकले. दुसऱ्या एका गाडीची चारही टायरं चार मापांची निघाली. फोर-व्हीलमध्ये तसं चालत नाही, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि आतले गिअर खातात. हे सगळं मला आजही तोंडपाठ आहे. शाळेत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मलाच विचारतात. आधी बोनेटवर हात ठेवा, गरम असेल तर मालकानं तुम्ही यायच्या आत चालवून ठेवली आहे असं समजा. इंजिन थंड असताना चालू करा आणि धूर बघा. चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून घ्या. एवढं मी भराभर सांगते. लिव्हरचं सांगायची वेळ आली की मात्र मी विषय बदलते.

पसंत पडलेली गाडी दुसरबीडला होती. रस्त्याच्या कडेला दुकान असलेल्या माणसाची. त्यानं हौसेनं घेतली आणि डांबरी सोडून कुठं नेलीच नव्हती. आम्ही सगळेच गेलो होतो, मायसुद्धा. गाडी तिच्यासाठी होती, तर तिला न विचारता कशी घेणार? ती पायरीजवळ उभी राहिली, पाय वर करून पाहिला आणि म्हणाली, "हे घोडं लय उंच आहे बाई." बाबांनी तिच्या कमरेला धरून वर चढवलं. चारचौघांत बाबांनी तिला असं धरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ती लाजली आणि मग सीटवर हात फिरवत बसली. सीटवर अजून कंपनीचं प्लास्टिक होतं.

बोनेट थंड होतं. धूर नव्हता. खाली गंज नव्हता, तेल गळत नव्हतं. मिस्त्री गाडीत बसला आणि त्यानं छोट्या लिव्हरकडे हात नेला. "हे लावून पाहा लागते. मांगं कच्चा रस्ता आहे, तिकडं नेतो," तो म्हणाला.

मालक पुढं आला. "आपण फोर-व्हील कधी लावलंच नाही बघा. गरजच नाही पडली. कंपनीतून आलं तसंच हाय."

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरू शकत नाही. जुन्या गाडीत त्यांना एक कोरी वस्तू सापडली होती. त्यांनी मिस्त्रीचा हात धरला. "राहू द्या मिस्त्री. कोऱ्या वस्तूले कायले हात लावता?"

"लावून पायलं तर बरं असते जी," मिस्त्री म्हणाला.

वरून माय म्हणाली, "दुकानातच घडी मोडता काय? घरी गेल्यावर गरज पडंन तवा लावू."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते. मलाही ते खरंच वाटलं होतं, की जे वापरलं नाही ते नवं. त्याच घरातली मी. गाडी घेतली.

त्या माणसानं आम्हाला फसवलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तो अक्षर न अक्षर खरं बोलला. खोटं बोलला असता तर शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं.

गाडी आली आणि घर बदललं. मंगळवारी आणि शुक्रवारी बाबा दाढी करायला लागले. माय पुढच्या सीटवर बसून घाट बघायची, कुठल्या वळणावर माकडं बसतात हे तिला पाठ झालं होतं. डायलिसिसहून परत येताना ती पिळून काढलेल्या कापडासारखी व्हायची, पण ऑटोतले हिसके नसल्यानं घरी आल्यावर दोन घास तरी खायची. त्या वर्षी आषाढात पाऊस बेतानंच झाला. पांदण चिकट झाली तरी बाबा गाडी कडेकडेनं, गवतावरून काढायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, लावून तर बघा ना लिव्हर." ते म्हणाले, "निघते ना अशीच. मंग काऊन वाया घालवायचं?" मीही पुन्हा विषय काढला नाही.

पोळ्याला शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी गेले होते. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. शुक्रवार उजाडला, तेव्हा पांदणीत पाणी साचलं होतं. मायच्या पायांवर सूज आली होती आणि बोलताना धाप लागत होती. आधीच्या मंगळवारी तिला बरं वाटत होतं म्हणून तिनं अर्ध्यातच मशीन बंद करायला लावलं होतं, हे मला त्या सकाळी कळलं. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी फक्त लवकर निघू म्हटलं.

गाडी वळणावरच्या निंबापर्यंत गेली आणि रुतली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, चिखल काचेवर उडाला. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, ते खुशीत होते. याच दिवसासाठी तर ठेवलं होतं. त्यांनी लिव्हरला हात घातला आणि ओढला. तो हलला नाही. गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, क्लच दाबला, ओढला. मग दोन्ही हातांनी. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी मागून वाकून त्यांच्या हातावर हात ठेवला, दोघांनी मिळून ओढला. तो जागचा तसूभरही सरकला नाही.

माय म्हणाली, "हळू ओढा जी, तुटंन."

ती धापा टाकत होती, तिच्या ओठांचा रंग बदलला होता आणि तिला लिव्हरची काळजी होती. मला रागही आला आणि रडूही आलं. मी उतरून चिखलातून पळत गेले, शेजाऱ्यांना उठवलं. ट्रॅक्टर यायला, दोर बांधायला, गाडी डांबरीला लागायला सगळी सकाळ गेली. दवाखान्यात पोहोचलो तोवर तिचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. त्यात त्यांचीही चूक नव्हती, त्यांनी आमची खूप वाट पाहिली होती. तिला ऑक्सिजन लावला, संध्याकाळी मशीन मिळालं. रविवारी पहाटे ती गेली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की तिचं हृदय आधीच थकलेलं होतं आणि हे कुठल्याही आठवड्यात झालं असतं. मी ते मानलं. मला ते मानल्याशिवाय जगता येणार नव्हतं. बाबा मात्र डॉक्टरांच्या मागं मागं फिरत एकच विचारत राहिले, "सकाळी आलो असतो तं?" डॉक्टर नाही म्हणाले. थोड्या वेळानं बाबांनी नर्सला विचारलं. मग शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाला विचारलं.

जलदानविधी झाला, भंतेजी गेले, नातेवाईक गेले. दुसऱ्या दिवशी बाबांनी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खालून सगळं खोललं. न फिरल्यामुळे आतले जोड गंजून एक झाले होते, ते घासून, तेल घालून त्यानं मोकळे केले. "हे मधून मधून लावत राहा लागते जी," मिस्त्री खालूनच म्हणाला. "लावलं, थोडं चालवलं, म्हंजे तेल फिरते. ठेवून देल्लं का जाम होते." तो रागावून बोलला नाही, तरी बाबा उठून विहिरीकडे निघून गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही.

मी म्हटलं, गाडी विकून टाकू. बाबांनी ते मनावर घेतलं नाही. मग शेजाऱ्यांकडून कळलं की बाबा आठवड्यातून दोनदा गाडी काढतात, पांदणीतून डांबरीपर्यंत जातात आणि तिथूनच परत येतात. बुलढाण्याकडे वळत नाहीत. वार विचारायची गरज नव्हती.

परवा मंगळवारी मी घरी होते. सकाळी बाबांनी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला. गाडीजवळ गेले आणि आधी डावीकडचं दार उघडलं. थोडा वेळ तसेच दार धरून उभे राहिले. मग मला हाक मारली, "ये, बस." ती पायरी खरंच उंच आहे. मी चढून तिच्या जागेवर बसले. पांदण कोरडी ठणठणीत होती, फोर-व्हीलची काही म्हणजे काही गरज नव्हती. बाबांनी लिव्हरला हात लावला आणि तो अलगद मागं आला.

"पाह्य," ते म्हणाले, "एका हातानं लागते आता."

मी म्हटलं, "हाव बाबा."

"एका हातानं लागते वं," ते पुन्हा म्हणाले, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले.