पाना मी निवडला

घोडबंदर रोडच्या एखाद्या नव्या टॉवरच्या गच्चीवर मशीनरूमचं दार उघडलं, की ग्रीस, तापलेली तार आणि ओलं सिमेंट यांचा एक मिसळलेला वास अंगावर येतो. कुणाला मोगऱ्याने बालपण आठवत असेल, मला या वासाने बारावीनंतरची सुट्टी आठवते. खाली गाड्यांची रांग हॉर्न वाजवून दमलेली असते, पलीकडे डोंगर निवांत पहुडलेले असतात, आणि मी हातातला पाना बाजूला ठेवून उगाचच जरा वेळ उभी राहते.

तेव्हा आम्ही शहाडला चाळीत राहायचो. पप्पा ठाण्यात एका सरकारी कचेरीत शिपाई. मला मार्क चांगले पडले होते, कल्याणच्या कॉलेजात बीएस्सीला जागा मिळत होती, आणि पप्पांनी मनातल्या मनात मला काळा डगला चढवून पदवीचा फोटोसुद्धा काढून टाकला होता. अशात मी जाहीर केलं, की मला आयटीआयला जाऊन लिफ्ट मेकॅनिक व्हायचंय, मग एखाद्या कंपनीत अप्रेंटिसशिप. पप्पांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या कचेरीतला लिफ्टमन उभा राहिला. "अगं, एवढे मार्क काढून तू स्टुलावर बसून बटणं दाबणार?" आईला हसू आवरेना.

मोटर, दोर, ब्रेक असं सगळं समजावून सांगितल्यावर मात्र त्यांचा आवाज खाली आला. ओरडले असते तर परवडलं असतं. म्हणाले, "आपल्या लोकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या हत्यारच दिलं, पुस्तक दिलंच नाही. आता कुठे पुस्तक मिळालंय, तर तू परत हत्यार धरतेस?"

आमच्या बौद्ध घरात शिक्षण म्हणजे ताठ मानेने चालणं होतं, आणि ती मान पप्पांनी किती कष्टाने ताठ ठेवली होती ते मी रोज बघत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी मुकाट्याने कॉलेजात गेले असते आणि आयुष्यभर झुरले असते. तरी धीर करून बोलले, "पप्पा, त्यांच्या हातात हत्यार दुसऱ्यांनी दिलं होतं. मी स्वतः निवडतेय. आणि मोटर काय पुस्तकाशिवाय कळते होय?"

त्यानंतर काही दिवस घरात कुकरशिवाय कोणी मोठ्याने बोललं नाही. प्रवेशाच्या सकाळी बघते तर पप्पा जयंतीला घालायचा पांढराशुभ्र सदरा घालून दारात उभे! "चल लवकर, उशीर होतोय." स्टेशनपर्यंत मी चालले नाही, तरंगत गेले.

पुढे बाळकुमला एका सोसायटीत आमच्या टीमने लिफ्ट बसवली. माझ्या देखरेखीखालची ती पहिली. लोक राहायला आल्यावर मी पप्पांना हट्टाने तिथे नेलं. आत शिरताच त्यांनी दांडी घट्ट धरली, कपाळावर घाम. दार बंद होतंय तोच एक अनोळखी जोडपं भाजीच्या पिशव्या घेऊन आत आलं. पप्पा स्वतः दांडी न सोडता त्यांना म्हणाले, "घाबरू नका हां. माझ्या मुलीने बसवलीये."

ती बिचारी कशाला घाबरतायत! मी मात्र वर पोचेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण रडत रडत हसताना मी फार वाईट दिसते. आज शहाडची ती चाळ उरलेली नाही. उद्या हे टॉवरही जुने होतील, माझ्या लिफ्ट भंगारात जातील. जाऊ देत. माझ्या बापाने परक्या माणसांना माझ्या हातांची हमी दिली होती, ती काही मोडीत निघत नाही.