बापाकडून निघालेले बाण

सरांनी फळ्यावर माझ्या बापाचा गोल काढला. लाल खडूनं. गोठ्यांचे गोल पांढरे होते.

"ही मेलेली जनावरं वढणारी वस्ती. हितनं प्रत्येक गोठ्याकडं बाण," सर म्हणाले. मग माझ्याकडं बघून हसले. "तुझ्याच घरचा गोल हाय न्हवं? मग समीकरण तूच लिही."

वर्ग हसला. मी उठले आणि लिहिलं. मार्क त्यांच्या हातात होते.

शिरूरच्या कॉलेजात मी एम.एस्सी. गणिताला होते. न्हावऱ्याच्या बाजूला गाईंचा लम्पी हा त्वचारोग कसा पसरला, ते गणितात मांडायचा आमचा प्रकल्प. गोष्ट साधी आहे. एकेक गोठा म्हणजे एकेक गोल. रोग असला तर एक, नसला तर शून्य. रोग कुणाकडून कुणाकडं जातो, ते बाण सांगतात. बाणांवरून समीकरणं लिहायची, त्यात आजचे एक-शून्य घातले की उद्याचे मिळतात. या बीजगणितात एक आणि एक मिळून एकच होतो. दोन्हीकडून आला तरी गोठ्यात रोग तो रोगच. मला हे गणित फार आवडायचं.

सरांनी लाल गोल शून्य केला. पुढच्या पायरीला सगळे गोठे शून्य. होणारच, दुसरीकडून बाणच नव्हता. गोठ्यातून गोठ्यात नाही, जनावरांच्या बाजारातून नाही.

"बघा. एवढी वस्ती बंद केली की गाव निरोगी."

मेलेल्या गाईचा वास माझ्या ओळखीचा आहे, त्याची मला कधी घाण वाटली नाही. त्या फळ्याची वाटली. बाण उलटे होते. आबा आपणहून कुणाच्या गोठ्यात जात नाहीत, कुणी जाऊच देत नाही. जनावर मेलं की लांबून हाक येते. मग आबा जातात, ओढतात, पुरतात. रोग आधी, माझा बाप नंतर. शाळेतल्या पोरालाही हे कळेल.

स्टाफरूममध्ये जाऊन मी हेच सांगितलं. सर चहात बिस्कीट बुडवत होते.

"मला बाण शिकवू नगं. अहवालावर तुझंबी नाव टाकलंय. तुमच्यातलीच पोरगी म्हणती म्हणल्यावर कोण बोलंल?"

म्हणजे माझं डोकं नको होतं. माझी जात हवी होती, साक्षीला. थू.

दौंडला आमच्या भागातल्या दूधवाल्यांची सभा भरली. पडद्यावर लाल गोल, खाली माझं नाव. सरांनी ठराव सुचवला, वस्तीतल्या माणसांनी गावच्या पाण्याच्या टाकीवर यायचं नाही. वाटेत गोठे आहेत म्हणून.

एक म्हातारे आप्पा उठले. "आन् मेलेलं जनावर कोण वढणार?"

"तवा बोलवायचं की," सर म्हणाले. "काम झालं की माघारी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. किळस आली मला त्या मानांची. मी उभी राहिले.

"सर, माझा बाप तुमच्या कामाला आला की शून्य, आन् पाण्याला आला की एक? ह्ये कुठलं गणित? माझं नाव काढा त्यातनं."

"खाली बस. डिग्री पायजे न्हवं?"

"नाव काढा."

टाळी वाजली नाही. दोघंतिघं हसले. ठराव झाला. माझा प्रकल्प नापास, वर्ष गेलं. मी समीकरणं पुन्हा मांडायला घेतली. बाजार, गोठे, सरांनी गाळलेला त्यांचा स्वतःचा गोठासुद्धा, आणि बाण जिथून निघतात तिथूनच.

परवा सकाळी गावातून हाक आली. गाय मेली होती. आबा सवयीनं उठले, दोर घेतला. मी दारात आडवी उभी राहिले.

"हो बाजूला, पोरी. वास सुटंल गावात."

"सुटू द्या."

बाहेरच्या माणसानं पुन्हा हाक मारली. मी तिथूनच ओरडले, "ज्याची गाय, त्यानं वढावी. ह्या घरातनं कुणी येणार न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई."