राजेसाहेबांचं जुनं राज्य

राजेसाहेबांनी शहाण्णव वर्षं राज्य केलं आणि त्यात एकही लढाई आपणहून सुरू केली नाही. त्यांच्याकडे तीनशे भालाईत होते, एक म्हातारा मांत्रिक होता आणि डोंगरातल्या गुहेत एक ड्रॅगनही होता. भालाईतांना त्यांनी पाट खणायला लावलं. मांत्रिकाला नुसतं बसवून ठेवलं. ड्रॅगनविषयी ते एवढंच म्हणत, "त्याला झोपू दे. उठला की खायला मागंल."

हे राज्य पुंडलिकनगरात, आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं. राजेसाहेब म्हणजे वरचे काका. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, बरीचशी नोकरी वैजापूर तालुक्यात सायकलवर झालेली. निवृत्तीनंतर इथे आले. राजेसाहेब हे नाव काकूंनी पाडलं. "राजेसाहेब, राज्य जरा बाजूला ठेवा अन् कोथिंबीर घेऊन या," असं त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, आणि राजेसाहेब पिशवी घेऊन निघायचे.

कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा, अमितदादाचा. इंजिनीअरिंगला असताना घेतलेला. शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर तो तसाच पडून होता. एकदा काकांनी सहज सुरू केला, तर त्यात हा खेळ निघाला. नाव लांबलचक इंग्रजी होतं, काका त्याला नुसतं 'राज्य' म्हणत. तुम्ही राजे, एक राजधानी, अकरा गावं, भोवती राक्षस आणि चेटकिणी, आणि मधून वाहणारी एक नदी. "नदी दिसली म्हणून बसलो," ते म्हणाले होते. "नायतर मला कशाला पाहिजे राज्य?"

पण खेळ इंग्रजीत होता आणि काकांचं इंग्रजी सरकारी फॉर्मपुरतं. म्हणून मला बोलावलं गेलं. मी तेव्हा आठवीत, इंग्रजी शाळेत. मी फार बोलत नसे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची मला सवय होती. काकांकडे मात्र मला स्वतःचं काही बोलावं लागत नव्हतं. पडद्यावर जे येईल ते मराठीत सांगायचं, बस. दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं असलं की माझी जीभ अडखळत नाही, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. त्यांनी मला दिवाणजी म्हणायला सुरुवात केली, आणि पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. "आहे तसं सांगायचं. पदरचं घालायचं नाय."

आहे तसं सांगायचं तर मराठी लागते, आणि माझी मराठी तेव्हा फार तुटपुंजी होती. शत्रू आपल्या सिटीच्या सगळीकडून उभे राहिलेत, असं मी सांगायची. "वेढा म्हण," काका म्हणायचे. दोन राजांनी भांडण बंद करायचा कागद केला, असं मी सांगितलं की ते म्हणायचे, "तह." वेढा, तह, कोठार, सारा, दवंडी हे सगळे शब्द मला एकेक करून त्या खोलीत मिळाले. शाळेत मराठीच्या बाईंनी एकदा विचारलं, निबंधात हे असले शब्द कुठून आणतेस? राक्षसांशी तह करताना शिकले, हे कसं सांगणार?

काकांचं राज्य पहिल्यांदा चार वर्षांत बुडालं, ते त्यांच्या नोकरीच्या सवयीमुळे. कालव्याला पाणी सुटलं की आधी शेवटच्या शेताला द्यायचं आणि मग वर वर सरकायचं, ही त्यांची पद्धत. कालव्याच्या शेवटाला ते लोक टेल म्हणतात. वरच्यांना आधी दिलं तर टेलला थेंब पोचत नाही, असं ते सांगायचे. तसंच त्यांनी राज्यातही केलं. नकाशाच्या कोपऱ्यात चौदा घरांचं एक गाव होतं, त्याला टेलवाडी नाव दिलं आणि नदीचं पाणी राजधानीवरून थेट तिकडे काढलं. राजधानीतल्या पहारेकऱ्यांनी चार दिवस तहान काढली आणि पाचव्या दिवशी राजालाच कोठडीत टाकलं. काका पडद्याकडे बघतच राहिले. "चार दिवसांत बंड?" ते म्हणाले. "आपल्याला नळ आठव्या दिवशी येतो. आपण टाकलं का कुणाला कोठडीत?"

ती सगळी दुष्काळाचीच वर्षं होती. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि जिन्यावर ड्रमांची रांग असायची. वर मात्र काका पुन्हा पहिल्या वर्षापासून राज्य मांडत होते. या खेपेला राजधानीत आधी विहिरी खणल्या, मग पाट टेलवाडीकडे वळवला. पद्धत सोडली नाही. मांत्रिक दरवर्षी म्हणायचा, अर्धा खजिना द्या, पाऊस पाडतो. मी ते आहे तसं सांगायची. "त्याला म्हणावं, आधी ढग दाखव," काका म्हणायचे. आमच्याकडेही ढगांवर फवारा मारायला विमान येऊन गेलं होतं, तेव्हा काका गच्चीत खुर्ची टाकून अख्खी दुपार वर बघत बसले होते. खाली आल्यावर काकूंनी विचारलं, पडला का? "विमान दिसलं," ते म्हणाले.

वर्ष संपलं की प्रत्येक गावाकडून एक निरोप यायचा. दोन-दोन ओळींचा. आमची शेळी हरवली, पुलाचं लाकूड कुजलंय, यंदा लग्नं जास्त झाली. मी पुढचं वर्ष सुरू करायला बटणाकडे हात नेला की काका तो हलकेच बाजूला करायचे. अकराही गावांचं म्हणणं ऐकल्याशिवाय पुढचं वर्ष नाही, आणि सुरुवात टेलवाडीपासून. त्यामुळे आमचं एक वर्ष कधी कधी आठवडाभर चालायचं. खेळाचा शेवट असा होता की शंभर वर्षांत एकही गाव उठलं नाही, म्हणजे ओस पडलं नाही, तर तुम्ही जिंकलात. अमितदादा म्हणाला, हे शंभर वर्षांचं कुणी खेळत नाही बाबा, सगळे लढाया करून दोन दिवसांत संपवतात. काका म्हणाले, "मला कुठं जायचंय?"

दोन वर्षांनी, दिवाळीत, अमितदादाने लॅपटॉप आणला आणि त्यात त्याच खेळाचा दुसरा भाग. त्याने तो हौसेने शोधून काढला होता, वडिलांसाठी. आम्ही सगळे भोवती उभे होतो, काकूसुद्धा हात पुसत आल्या. दुसरा भाग देखणा होता, हे मान्य करायलाच हवं. गवत हलत होतं, पक्षी उडत होते, ड्रॅगनवर बसून फिरता येत होतं आणि राजधानीच्या चौकाचौकात कारंजी होती. सुरुवातीलाच विचारलं होतं, जुनं राज्य इथे आणायचं का? काका खुर्चीत सावरून बसले. "आण," ते म्हणाले. त्यावेळी त्र्याण्णवावं वर्ष चालू होतं. अमितदादाने पेन ड्राइव्हमधून सगळं आणलं.

राजाचं नाव आलं, निळा झेंडा आला, खजिना आला. काका नकाशावर बोट फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "दिवाणजी, गावं कुठंयत?"

मी शोधलं. सगळीकडे शोधलं. नव्या राज्यात गावं नव्हतीच. राजधानी आणि सैन्य होतं, बाकीच्या जागी नुसता हिरवा रंग. पाणीही कुठून आणायचं नव्हतं, वरच्या कोपऱ्यात एक निळा आकडा होता आणि तो कधी कमी होत नव्हता. वर्षाच्या शेवटी निरोपांऐवजी एकच ओळ आली. मी ती सांगितली, प्रजा बहात्तर टक्के सुखी आहे.

"अन् अठ्ठावीस?" काकांनी विचारलं. "ते कोण? नावं सांग."

अमितदादाचा चेहरा उतरला होता. काकांच्या ते लगेच ध्यानात आलं. "लई देखणं आहे," ते म्हणाले. "शेळ्या तर काय काढल्यात, वा." आणि पुढचे कितीतरी रविवार मी एक गंमत पाहिली. अमितदादा घरात असला की काका दुसरा भाग खेळायचे, ड्रॅगनवरसुद्धा बसायचे. त्याची मोटारसायकल गल्लीतून बाहेर वळली की लॅपटॉप मिटायचे आणि जुन्या कॉम्प्युटरच्या खुर्चीत येऊन बसायचे. "चला," म्हणायचे, "टेलवाडी काय म्हणती?"

परवा माझ्या ऑफिसात कुणीतरी पडद्यावर एक आकडा दाखवला, इतके टक्के लोक समाधानी. सगळे माना डोलवत होते. मी विचारलं, उरलेले कोण आहेत? मलाच माझ्या आवाजाने दचकायला झालं. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण असे प्रश्न विचारताना ते मागे खुर्ची टाकून बसलेले असतात.

त्या दिवाळीनंतर, मी दहावीत असतानाच, अमितदादाने करमाडच्या अलीकडे, जालना रोडवर नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला. आधी तिकडे सगळी शेतं होती, आता कारखान्यांच्या मागे इमारती उठत होत्या. त्याने बिल्डरचं चित्रांचं पुस्तक आणून दाखवलं. हिरवळ, फाटकाशी कारंजं, ढगांच्या पांढऱ्या रेघा. काकांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली आणि हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "हा दुसरा भाग दिसतोय."

पण गेले आनंदाने. मुलगा बोलावतोय याचा त्यांना अभिमानच होता. प्रश्न एकच होता. जुना खेळ लॅपटॉपवर चालेना. मी दोन दिवस खटपट केली. तो उघडायचा आणि लगेच मिटायचा. जुना कॉम्प्युटर नव्या घरात ठेवायला जागा नव्हती, आणि भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. राज्य शहाण्णवाव्या वर्षात होतं. शंभर व्हायला चार वर्षं राहिली होती. टेम्पो भरायच्या दिवशी सकाळी काका कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरून स्वतः जिना उतरले आणि आमच्या बैठकीच्या खोलीत ठेवला. आईला म्हणाले, "वहिनी, राज्य खाली ठेवून चाललोय. दिवाणजी बघतील." आईने त्यावर विणलेला रुमाल घातला. मला काहीतरी म्हणायचं होतं. मी मॉनिटरची वायर गुंडाळत बसले.

मग रविवारी सकाळी फोन. मी निरोप वाचायची, काका तिकडून सांगायचे. कोणता पाट उघडायचा, कुठलं कोठार भरायचं. मागे काकू म्हणायच्या, तिच्या परीक्षेचं बघा आधी. त्यांच्या फाटकाशी कारंजं होतं, पण त्यात पाणी सोडलं नव्हतं. टँकर तिथेही येतच होता, आणि काकांनी पहिल्याच महिन्यात सोसायटीला सांगून शेवटच्या इमारतीपासून पाणी भरायला लावलं होतं. लोक आधी चिडले, मग सवय झाली, असं काकू म्हणाल्या.

नव्व्याण्णवाव्या वर्षी राज्यातली नदी आटली. नऊ गावांना विहिरींचं पुरत होतं. पाटात मात्र टेलवाडी आणि तिच्या वरच्या गावाला, नाहीतर एकट्या राजधानीला पुरेल एवढंच पाणी शिल्लक होतं. त्यात टेलवाडी धरली तर राजधानीला फक्त विहिरी राहणार होत्या, आणि त्याही खोल गेल्या होत्या. राजधानीत बंड झालं तर सगळं संपलं. राजधानीला दिलं तर टेलवाडी उठणार. शंभरातलं एक वर्ष उरलेलं. मी सगळे आकडे काकांना वाचून दाखवले आणि थांबले.

"मला काय विचारती?" ते म्हणाले. "राज्य तुझ्याकडं आहे."

मी बराच वेळ बटणावर बोट धरून होते. फोन चालूच होता, तिकडून चहा ओतल्याचा आवाज आला. मी टेलवाडीचा पाट उघडला. मग तिच्या वरच्या गावाचा. राजधानी विहिरींवर सोडली.

पहारेकऱ्यांनी एक दिवस कुरकुर केली. दोन दिवस केली. चौथ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि मी बघते तर टेलवाडीहून बैलगाड्या निघालेल्या. पखाली लादलेल्या. चौदा घरांच्या गावातून नऊ गाड्या. खेळात असं काही होतं हे आम्हाला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, कारण पहिलं राज्य बुडाल्यापासून राजधानीवर अशी वेळ आम्ही येऊच दिली नव्हती. मी फोनमध्ये ओरडले. मी, फोनमध्ये. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. काका तिकडून फक्त विचारत होते, "किती? नऊ? मोज नीट."

शंभरावं वर्ष पुढच्या रविवारी संपलं. आम्ही अकराही गावांचे निरोप वाचले, टेलवाडीपासून. मग पडदा काळा झाला आणि त्यावर दोन ओळी आल्या. काका थांबले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी आहे तसं सांगितलं. शंभर वर्षं पूर्ण झाली. एकही गाव उठलं नाही.

"अन्?"

"टेलवाडीचा निरोप आहे," मी म्हणाले. "घर फार शांत वाटतं. राजेसाहेबांनी एकदा येऊन जावं. पाणी आहे."

मग काकांनी विचारलं, "असं लिहिलंय?"

"नाही," मी म्हणाले. "पदरचं आहे."

"व्हय," ते म्हणाले. "मग टेलवाडीला कळव. रविवारी येतो म्हणावं."