नोएलच्या वाट्याचा भात

ओरेस्ट पालामारच्या घरात भात शिजत नसे. त्याची बायको स्टेला होलुब्ची करायची, पण कोबीच्या पानात भाताऐवजी कुट्टूचे दाणे भरून. लग्नानंतर पहिल्याच ख्रिसमसला तिनं आपल्या आईच्या पद्धतीनं तांदूळ घालून केलेल्या होलुब्ची ताटात वाढल्या, तेव्हा ओरेस्ट उठला आणि कोट न घालता मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. बाहेर इतकी थंडी होती की नाकातला श्वास गोठावा. स्टेलानं त्याला आत आणलं, कारण विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून घरातले तांदूळ गेले ते गेलेच.

विनिपेगकडच्या लार्च क्रीक गावात तो चांगला माणूस म्हणून ओळखला जायचा. लढाईहून परत आल्यावर त्याला कर्लिंग क्लबात बर्फ राखायचं काम मिळालं आणि त्यानं ते धरून ठेवलं. हिवाळाभर तो त्या लांबलचक थंडगार शेडमध्ये असायचा. बर्फ तासायचा, झाडायचा, मग पाठीवर पाण्याचा डबा घेऊन उलट पावली चालत बर्फावर बारीक थेंब शिंपडायचा. ते थेंब गोठून त्यांचे दाणे उठले की खेळणाऱ्यांचे जड दगड त्यावरून अलगद सरकत जात. आजूबाजूच्या गावांतले लोक म्हणायचे की पालामारच्या बर्फासारखा बर्फ कुठे नाही. त्याला ते काम आवडायचं, कारण तिथे बोलावं लागत नसे आणि कधी उकडत नसे. उकाड्याचं त्याला वावडं होतं. जुलैत तो तळघरात झोपायचा.

जिथे तो लढला आणि युद्धकैदी झाला त्या हाँगकाँगचं नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तो वर्षातून एकदा जायचा, नोव्हेंबरात, लढाईत गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला, तेही मागच्या भिंतीला टेकून उभा राहायला. मुलं दोन, कर्ज नाही, दारू नाही. लोक म्हणत, बघा, यालाही तेच भोगावं लागलं, पण माणूस कसा उभा राहिला.

हे बोलताना लोकांच्या डोळ्यांसमोर दुसरा एक माणूस असायचा. त्याचं नाव क्लिफर्ड मॅकाय.

क्लिफ आणि ओरेस्ट एकाच पलटणीत होते, एकाच दिवशी जपान्यांच्या हाती सापडले आणि पावणेचार वर्षं एकाच तारेच्या कुंपणामागे राहिले. परत आल्यावर क्लिफ घरं रंगवायचा. काम सुरेख करायचा, पण पुरं क्वचितच करायचा. एका घराची पुढची बाजू पांढरीशुभ्र आणि मागची तशीच, असं गावात दोन-तीन ठिकाणी दिसायचं. हातात पैसे आले की प्यायचा. प्याला की बोलायचा, आणि न प्यायलेला असला तरी बोलायचाच. लग्न झालं, मोडलं. दर शुक्रवारी तो स्टेशनसमोरच्या मिस्टर लियूंच्या कॅफेत जाऊन साधा भात मागवायचा आणि शेवटच्या दाण्यापर्यंत खायचा. ‘कुंपणापलीकडून चिनी बायका आमच्याकडे पाव फेकायच्या, मार खायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या,’ असं तो लियूंना दर वेळी सांगायचा. लियू हाँगकाँगकडचे नव्हतेच, तरी ऐकून घ्यायचे.

ओरेस्ट क्लिफला टाळायचा नाही. उलट त्याला जपायचा. हिवाळ्यात क्लबच्या शेगडीजवळ बसू द्यायचा, मोजे द्यायचा, घरून सूप आणायचा. क्लिफ घरी आला तर स्टेला त्याला मागच्या पडवीत वाढायची, कारण तिला दारूचा वास आणि त्याची बडबड मुलांसमोर नको होती. ओरेस्टनं याला कधी हरकत घेतली नाही. फक्त एक गोष्ट त्यानं क्लिफला कधी दिली नाही. क्लिफ ‘तुला आठवतं का रे’ असं म्हणाला की ओरेस्ट उठून बर्फाकडे जायचा.

क्लिफला जे आठवायचं ते बहुतेक वेळा नोएल लाफ्रेनियरबद्दल असायचं.

नोएल नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीतला. तिघं एकत्र भरती झाले होते. छावणीतल्या दुसऱ्या वर्षी नोएलचे पाय सुजले, मग पोट, आणि त्याला आजाऱ्यांच्या खोपट्यात हलवलं. क्लिफ आणि ओरेस्टही तिथेच होते, जमिनीवर, त्याच्या दोन बाजूंना. आजाऱ्यांना निम्माच शिधा मिळायचा, कारण ते काम करत नव्हते. एका संध्याकाळी नोएल गेला. आवाजही झाला नाही. क्लिफला कळलं तेव्हा तो रडायला लागला, आणि ओरेस्टनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

‘पांघरूण वर ओढ,’ ओरेस्ट म्हणाला. ‘सकाळी भात येईपर्यंत तो झोपलाय.’

सकाळी बादली घेऊन माणूस आला तेव्हा ओरेस्टनं नोएलचा वाडगा पुढे केला. त्या वाडग्यातला भात दोघांनी वाटून खाल्ला, नोएलच्या अंगावरून हात पलीकडे नेत. क्लिफला गिळवत नव्हतं. ओरेस्ट त्याला म्हणाला, खा, नाहीतर उद्या तुझाही वाडगा मलाच धरावा लागेल. क्लिफनं खाल्लं. मग त्यांनी नोएल गेल्याचं सांगितलं.

तिथल्या कागदावर नोएलच्या मृत्यूची तारीख त्यामुळे एक दिवस पुढची पडली.

लढाई संपल्यावर नोएलची बहीण ओदेत दरवर्षी त्या कागदावरच्या तारखेला चर्चमध्ये भावाच्या नावानं मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, करवून घ्यायची. ती वस्तीतलं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळायची, अविवाहित होती, आणि भावाखेरीज तिचं कुणी नव्हतं. क्लिफला ही चुकीची तारीख छळायची. बाकी किती गोष्टी त्यानं पाहिल्या होत्या, पण हीच त्याच्या मनात रुतून बसली होती. तो ओरेस्टला म्हणाला की आपण दोघांनी जाऊन तिला खरं सांगू या.

‘सांगून काय होणार आहे?’ ओरेस्टनं विचारलं.

‘तिला खरा दिवस कळेल. आणि तो गेल्यावरही त्यानं आपल्याला जेवू घातलं, हे तिला कळायला नको?’

‘तिला ते असं ऐकू येणार नाही, क्लिफ. जे तिकडचं आहे ते तिकडेच राहू दे.’

क्लिफ एकटाच गेला. धीर यावा म्हणून थोडी पिऊन गेला, तिथेच घोटाळा झाला. ओदेतनं दारात उभ्या उभ्या निम्मं ऐकलं आणि दार लावून घेतलं. भावाच्या मरणावरून असली घाणेरडी गोष्ट रचणारा दारुडा, असं तिनं फादरना सांगितलं, आणि ते गावभर झालं. त्यानंतर क्लिफ दरवर्षी मिसेच्या आदल्या दिवशी, म्हणजे खऱ्या दिवशी, चर्चच्या फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन थोडा वेळ उभा राहायचा. आत जायचा नाही.

ओरेस्टला हे सगळं माहीत होतं. त्याला वाटायचं, वेळ गेला की निवळेल.

मग एका फेब्रुवारीत क्लबात मोठी स्पर्धा होती. हार्वे टेंपलटन नावाचा लोखंडी सामानाचा दुकानदार खेळून झाल्यावर काचेमागच्या बाकांवर मित्रांबरोबर बसला होता. क्लिफ शेगडीपाशी होता, आणि ओरेस्ट उघड्या दाराजवळ आपला डबा भरत होता. हार्वेनं क्लिफकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय मॅकाय, मेलेल्या माणसाचा घास गोड लागतो का? कुणी हसलं, कुणी खाली पाहिलं. ओरेस्टचा मोठा मुलगा त्या बाकांवरच बसलेला होता.

क्लिफनं मान वर करून आधी ओरेस्टकडे पाहिलं. क्षणभरच. मग तो हार्वेकडे वळून अगदी साधेपणानं म्हणाला, ‘हो, खाल्ला मी. एकट्यानं खाल्ला. भूक लागली होती.’

ओरेस्ट तेव्हाच तोंड उघडू शकला असता. त्यानं डबा पाठीवर घेतला, बर्फावर गेला आणि शिंपडायला लागला. उलट पावली चालताना त्याला काचेमागचे सगळे चेहरे दिसत होते. क्लिफचाही.

लोक पांगल्यावर तो चहा घेऊन शेगडीपाशी आला.

‘एकट्यानं, असं कशाला म्हणालास?’ त्यानं विचारलं.

‘तुझी पोरं इथे खेळतात,’ क्लिफ म्हणाला. ‘माझं कोण आहे? आणि लेका, मी सगळीकडे तसंच सांगतो. ओदेतलाही तसंच सांगितलं होतं. तुझं नाव मी कशाला घेऊ?’

ओरेस्टला वाटलं की आता काहीतरी बोलावं. पण इतक्या वर्षांत त्याची ती सवयच मोडली होती. त्यानं चहात साखर घातली आणि कप पुढे सरकवला. क्लिफनं तो घेतला. तेवढ्यावर त्या दोघांचं भागलं, असं ओरेस्टनं धरून चाललं.

त्यानंतर क्लिफ आणखी सात-आठ वर्षं जगला. गावातली कामं कमी होत गेली, कारण बायका त्याला घरात घ्यायला कचरू लागल्या. पाय दुखायचे, डोळ्यांना कमी दिसायचं. छावणीतून आलेल्या सगळ्यांचंच थोडंफार तसं होतं. एका हिवाळ्याच्या शेवटी त्याला विनिपेगला इस्पितळात नेलं. तिथून लियूंच्या कॅफेत त्याचा फोन आला की ओरेस्टला सांगा, जमलं तर येऊन जा. ओरेस्टनं ठरवलं की हंगामातली शेवटची स्पर्धा संपली की जायचं. बर्फ दुसऱ्याच्या हाती सोडवत नव्हता. स्पर्धा रविवारी संपली. सोमवारी तो आगगाडीनं गेला तेव्हा पलंगावर नवी चादर घातलेली होती.

पुरायला सहा माणसं आली. त्यात लियू होते, दुकान बंद करून आलेले. पाद्री क्लिफच्या आयुष्याबद्दल काय बोलावं या विचारात पडले होते आणि हवामानाकडे वळले.

ओरेस्ट तिथून घरी गेला नाही. नदीवरच्या पुलावरून चालत फ्रेंच वस्तीत गेला आणि ओदेतचं दार वाजवलं. तिनं त्याला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर आवाज ओळखला; इतकी वर्षं त्याचे फोन तीच जोडून देत आली होती. तिनं त्याला बसवलं, कॉफी ठेवली, आणि त्यानं कॉफीला हात न लावता सगळं सांगितलं. पांघरूण वर ओढायला कोण म्हणालं, वाडगा कुणी धरला, क्लिफला कुणी खायला लावलं. आणि नोएल खरोखर कोणत्या दिवशी गेला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. शेवटचे चार दिवस नोएल बहिणीनं करायची ती वाटाण्याची आमटी आठवून कशी बोलत होता, तेही त्यानं सांगितलं.

ओदेत मेजावरच्या कापडावरून हात फिरवत राहिली.

‘तो फाटकाशी उभा राहायचा,’ ती म्हणाली. ‘मला खिडकीतून दिसायचा. मी पडदा ओढून घ्यायचे. मला वाटायचं, मला डिवचायला येतो.’

‘तसं नव्हतं.’

‘ते आता कळलं मला.’ मग तिनं विचारलं, ‘मिस्टर पालामार, तुम्ही तेव्हा का नाही आलात त्याच्याबरोबर? दोघं आला असतात तर मी आत घेतलं असतं. रडले असते, ओरडले असते, पण आत घेतलं असतं. मला आमटीचं तरी कळलं असतं.’

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. भात खाल्ल्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. खाल्लात ते बरं केलंत, असंही नाही. दारापर्यंत पोचवायला आली, आणि पुन्हा या असं काही म्हणाली नाही.

घरी आल्यावर त्यानं स्टेलाला सांगितलं. ती शिवण बाजूला ठेवून ऐकत राहिली. छावणीत काय झालं याचा तिला राग आला नाही. उपाशी माणसांनी खाल्लं, त्यात काय, असं ती म्हणाली. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

‘त्या माणसाला मी इतकी वर्षं पडवीत वाढलं,’ ती म्हणाली. ‘कुत्र्याला वाढावं तसं. आणि तू आत बसून जेवत होतास. माझ्या हातून तू हे करवलंस, ओरेस्ट.’

ती कित्येक दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही.

पुढच्या हिवाळ्यात ओरेस्टनं टेंपलटनला आणि बाकांवरच्या इतरांना खरं काय ते सांगितलं. त्यानं मनाशी मोठी तयारी केली होती. लोकांनी ऐकलं, त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले की लढाईत काय काय करावं लागतं. हार्वेनं तर त्याला बिअर पाजली. जो घास क्लिफच्या बाबतीत किळसवाणा होता, तो ओरेस्टच्या बाबतीत दुर्दैव ठरला. बिअर तशीच ठेवून तो उठला. आपण क्लिफचं नाव धुऊन काढू असं त्याला वाटलं होतं. पण लोकांनी त्यालाच आणखी चांगलं ठरवलं, आणि क्लिफ होता तिथेच राहिला.

नंतर तो माजी सैनिकांच्या हॉलमध्ये नेमानं जायला लागला. तिथे दुसऱ्या आघाड्यांवर लढलेले, बोलायला तयार असलेले भले लोक होते. त्यांना त्या खोपट्याचा वास सांगता येत नव्हता, आणि कुंपणाशी पाव फेकणाऱ्या बायका म्हटलं की ते माना डोलवायचे, बस. एका दुपारी घरी परतल्यावर तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बूट न काढताच बसून राहिला.

‘काय झालं?’ स्टेलानं विचारलं.

‘काही नाही,’ तो म्हणाला. ‘नोएलच्या एका दाताचा टवका उडालेला होता. तो डाव्या बाजूला होता की उजव्या, ते आठवत नाही. विचारायला कुणी नाही.’

स्टेला त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.