ओठांच्या उचललेल्या कडा

पेंटरचा धंदा गेलेल्या माणसांवर चालायचा. लोक चुरगळलेला फोटो आणून देत, हा तेलरंगात तसबीर करून देई. हातखंडा एकच: शेवटी ओठांच्या कडा केसभर वर उचलायच्या. मग जन्मभर घरच्यांवर डाफरलेला म्हाताराही देवमाणूस दिसे आणि गिऱ्हाईक डोळे पुसत घरी जाई.

त्याची लेक दूरच्या शहरात नोकरीला निघाली. जाऊ नको म्हणून यानं घर डोक्यावर घेतलं, मग अबोला धरला. शेवटी तीच दुकानाच्या दारात आली. "तुमचं एक चित्र द्या काढून. सोबत नेते."

हा टपलेलाच होता. समोर आरसा टेकवून बसला. चित्र झालं तेव्हा बायको ओले हात पुसत बघायला आली.

"अगं बाई, हा कुणाच्या अंगावर धावून चाललाय?"

"मी असा दिसतो?"

"आरशाला विचारा. मी कशाला वाईट होऊ?"

कपाळाला आठ्या, ओठ गच्च मिटलेले. पोरीनं हे तोंड परक्या गावात भिंतीला लावायचं? रंग वाळल्यावर, ती निघायच्या आदल्या दिवशी, त्यानं त्याच चित्रावर रंग चढवून आठ्या बुजवल्या, ओठांच्या कडा उचलल्या. पुढं हात आपसूक चालत राहिला.

सकाळी लेक बॅग घेऊन बघायला आली. चित्राखाली, गिऱ्हाइकांच्या तसबिरींना असते तशी, जन्म-मृत्यूच्या तारखांसाठी पांढरी पट्टी सोडलेली होती.

"बाबा, हे काय?"

"सवयीनं झालं गं. बुजवतो आत्ता."

"पट्टीचं सोडा. हा हसतोय तो कोण? आई म्हणाली ते रागाचं कुठंय?"

"याच्याच खाली."

"तेच हवं होतं मला. तिथं भांडायला तरी कुणी असतं."

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. "राहू दे मग," म्हणाली आणि गेली.

गाडी वळली तसा तो टर्पेंटाइनचा बोळा घेऊन बसला. वरचा ओला रंग सुटला, खालचं तोंड वर आलं. ओठ गच्च मिटलेले खरे, पण खालचा ओठ दातांखाली ओढून धरलेला. रडू आवरणारा माणूस ओठ असा धरतो. इतकी तोंडं रंगवली आणि आपलंच ओळखू आलं नाही.

बायको मागं उभी होती. चित्र बघून म्हणाली, "मग हे तिला तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

त्यानं बोळा पुन्हा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. पांढऱ्या पट्टीवरून बोळा फिरवत राहिला.